भरमाप्पांच्या दुकानातलं माप

बेळगाव, कॅम्प
सोमवार, ता. ९ जानेवारी १९३९

आक्का,

काय झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. शनिवारी निपाणीच्या मोटारीनं तुझं गाठोडं आलं.

२. त्यात फुलाफुलांची चीट होती. चिठ्ठीत तू लिहिलं आहेस : भरमाप्पांच्या दुकानातून अठरा हात घेतली, माझ्याच हातानं मोजून, वर एक बोट जास्त.

३. माझ्या वहीत तुझं माप आहे, ता. १२ जून १९३७ चं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेएकोणीस इंच. दोन्ही हात सारखे.

४. त्या मापानं अठरा हात म्हणजे नऊ वार सत्तावीस इंच.

५. मी आमच्या दुकानाच्या गजानं मोजली. नऊ वार नऊ इंच भरली, आणि वर बोटभर.

६. म्हणजे अर्धा वार कमी.

७. पुन्हा मोजली. तेवढीच.

मला वाटतं, भरमाप्पा मोजताना कापड ताणतात. ताणून मोजलेलं कापड घरी आल्यावर आखडतं. निम्म्या भावात विकणाऱ्याला कुठून तरी भरून काढावंच लागतं. अंबूच्या आहेरासाठी नऊ झंपर बेतायचे होते, यात आठच बसतात. दाजींची एकुलती बहीण आहे, लहानपणापासून तू वाढवलेली. फाल्गुनातल्या लग्नात तिच्या सासरच्यांसमोर एक झंपर कमी पडायला नको. राहिलेलं कापड मी इथून घेते.

सोबत तुझा स्वतःचा झंपर पाठवते. पाऊण बाहीचा, वहीतल्या मापानं बेतलेला. घालून बघ आणि कळव.

जयवंता


निपाणी
शुक्रवार, ता. १३ जानेवारी

जयू,

तुझा कागद आला. मी वाचला, अंबूनं वाचला, तुझ्या दाजींनी वाचला न् तिघंबी हसलो. पुण्याला दोन वर्षं बेतणी शिकून आलीस तवापास्नं तुझ्या पत्राला बी नंबर असत्यात.

भरमाप्पांवर आळ घेऊ नको. त्याच दिवशी घेतलेला मांजरपाट घरात हाय, त्योबी अठरा हात. अंबूला समोर बसवून मी माझ्या हातानं मोजला. अठरा हात भरला न् वर एक बोट. कमी न्हाय, जास्त न्हाय. तुझे दाजी म्हणाले, कॅम्पातल्या गजाला गोऱ्या सायबाचा खुराक हाय, लांब झाला असंल.

तुला त्या दुकानाची रीत ठाव न्हाय म्हणून सांगते. भरमाप्पा म्हणत्यात, माझा हात लांब का आखूड ही भानगडच नको, गिऱ्हाइकाच्याच हातानं मोजू. भाव हातावर. म्हणून गल्लीत आता काय झालंय, ज्या घरात लांब हाताची बाई असंल तिलाच दुकानाला धाडत्यात. आपल्या घराण्याचा हात लांब. माहेरी बेळगुंदीला आप्पा माझ्याबद्दल म्हणायचे, मनूला माळ्यावरचं गाडगं काढायला शिडी लागत न्हाय. आता आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया मलाच घेऊन जात्यात. "आक्का, चला की, आमचं बी दहा हात घ्यायचंय." कुणी हळकुंड देतंय, कुणी माझ्या वाट्याच्या विड्या वळून देतंय. आजवर माझ्या हाताला कुणी एवढा मान दिला न्हवता.

आणि तिथं बसायला घोंगडं, गुळाचा खडा, पाणी. ते आधी गुडघ्याचं विचारत्यात, अंबूचं विचारत्यात, मग कापडाचं. कुणी उभं ठेवत न्हाय. दिवाळीला तुमच्या दुकानात काय झालं ते मी काढत न्हाय.

झंपर चांगला झालाय. फकस्त उजवी बाही बोटभर खाली येतीया, डावी बरोबर. कापड उरलं म्हणून लांब ठेवलीस काय? विडीचं पान कापताना मध्ये येतंय.

तुझी आक्का


बेळगाव, कॅम्प
मंगळवार, ता. १७ जानेवारी

आक्का,

तुझं पत्र मिळालं. गज तपासला. त्यावर सरकारी शिक्का आहे, तरी पोलादी फितीशी ताडून बघितला. दोन्ही जुळतात. बाह्यांचे कागदी नमुने मी फेकत नाही. तुझ्या झंपराच्या दोन्ही बाह्या एकाच नमुन्यावर, कापडाची दुहेरी घडी घालून, एकाच वेळी कापल्या आहेत. एक लांब आणि एक आखूड होणं शक्य नाही.

म्हणजे गज बरोबर, बाही बरोबर, आणि तू घरी मोजलंस तेही बरोबर. तिन्ही बरोबर असतील तर चौथी एक गोष्ट बदलली आहे. ती काय, हे अंदाजानं लिहिणं मला आवडत नाही.

सोबत कागदाच्या दोन पट्ट्या पाठवते, प्रत्येकी बरोबर साडेएकोणीस इंच. पट्टी पाटावर पसर. एका टोकाला कोपर टेकव, हात सरळ ठेव आणि मधल्या बोटाच्या टोकाशी अंबूकडून पेन्सिलीनं रेघ मारून घे. उजव्या हाताच्या पट्टीवर "उ" लिही, डाव्याच्या पट्टीवर "डा". पट्ट्या दुमडू नकोस, गुंडाळून पाठव. भरमाप्पांकडे एकंदर किती वेळा गेलीस तेही आठवून लिही.

दिवाळीच्या दिवशी मी आतल्या खोलीत बेतत होते. तू आलेली मला नंतर कळलं.

जयवंता


निपाणी
बुधवार, ता. २५ जानेवारी

जयू,

पत्राला उशीर झाला. पेन धरायला त्रास होतोय, थंडी असंल.

तुझ्या पट्ट्या धाडल्यात. डाव्या हाताचं बोट पट्टीच्या टोकाला बरोबर टेकलं. उजव्याचं दीड इंच अलीकडंच राहिलं. अंबू म्हणाली, वैनी, हात सरळ करा. म्हटलं, केलाय की. तीनदा ठेवून बघितला. मग वाटलं, तुझी एक पट्टी दमट होऊन वाढली असंल. पण दोन्ही एकावर एक ठेवल्या तर सारख्या.

मग मी दोन्ही तळवे जोडले, नमस्काराला जोडतो तसे. उजवी बोटं डाव्या बोटांच्या पेरापतुरच येत्यात. हे मी कुणाला दाखवलं न्हाय. तुझ्या दाजींनाबी न्हाय.

परवा कासार आलता. उजव्या हातात बांगड्या भरताना म्हणाला, "आक्का, हात पोरीवानी झाला की तुमचा. बारा वर्षांच्या पोरीचं माप लागलं." बाया हसल्या. मीबी हसले. डाव्या हाताला नेहमीचंच माप लागलं.

विड्याबी ढिल्या होत्यात. पान बोटांत मावत न्हाय. मुकादम म्हणतोय, आक्का, तुमच्या हाताला काय झालंय. म्हटलं, यंदाचं पान मोठं आलंय.

खेपा विचारल्यास. दिवाळीपास्नं बारा. आधी मी त्या दुकानाची पायरी चढले न्हवते.

आता गल्लीतल्या बायांनाबी कळलंय, आक्काचा हात पयल्यासारखा लांब न्हाय. रवळूची बायको तोंडावर म्हणाली, "तुमच्याबरूबर गेलं तर कापड कमी येतंय, आक्का." मागल्या खेपेला भरमाप्पांनीबी माझा हात मोजून खाली ठेवला, वरनं थोपटला न् म्हणाले, "आक्का, तुमचं झालं आता. घरात कोवळा हात हाय की, त्याला धाडा." गोड माणूस. रागानं न्हाय बोलले. म्हणून ता. १२ फेब्रुवारीला, रविवारी, बाया अंबूला नेणार हायत. तिचा हात आता घरात सगळ्यात लांब. पोरगी खूष हाय. लग्नाची गाद्या-गिर्द्यांची कापडं तीच घेणार, तिच्याच हातानं.

तू म्हणशील नको. पण जयू, तू कॅम्पातल्या दुकानाची नोकर. तू त्या दुकानाला नावं ठेवणारच. दिवाळीला तू आत होतीस म्हणतेस, बरं.

तुझी आक्का


बेळगाव, कॅम्प
मंगळवार, ता. ७ फेब्रुवारी

आक्का,

परवा रविवारी मी निपाणीला आले होते. तुला कळवलं नव्हतं. सकाळच्या मोटारीनं आले आणि तिसऱ्या प्रहरी परत फिरले. तेरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मोटारीतून उतरल्यावर धर्मशाळेच्या कट्ट्यावर बसून मी पोलादी फितीनं माझे हात मोजले. दोन्ही सतरा इंच सहा सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत, हे तुला शिंप्यांकडून माहीत आहे. तिथंच वहीत लिहून ठेवलं. मग दुकानात गेले.

दुकान तू लिहिलंस तसंच आहे. मी उंबऱ्यातच होते तेव्हा भरमाप्पा म्हणाले, "या, बसा. उन्हातनं आलाय." एका बाईनं सरकून जागा दिली. गूळ आला, पाणी आलं. काय पाहिजे, हे कोणी विचारलं नाही. नुसतं बसून उठले असते तरी चाललं असतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक आत शिरलं की आम्ही आधी त्याच्या पायांकडे बघतो आणि मग ठरवतो, कोणत्या फळीवरचा माल काढायचा.

मी मोजत बसले. दुकानात अकरा बायका होत्या. आठजणींचा उजवा हात पदराखाली होता. पेला डाव्या हातात, गठ्ठा डाव्या बगलेत. कोणी भाव करत नव्हतं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मोठ्यानं ऐकू येत होतं ते फक्त कापड फाटल्याचं. सगळ्याजणी समाधानी दिसत होत्या. हेही लिहायला हवं, कारण ते खरं आहे.

भरमाप्पा गादीवर बसलेले होते. अंगावर शाल, दोन्ही हात आत. एका बाईनं सगळ्यात वरच्या फळीवरची निळी चीट मागितली. ती फळी गादीपासून साडेसात फूट तरी असेल. दुकानात शिडी नाही, काठी नाही, हाताखाली माणूस नाही. मी घाम पुसायला मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा निळा तागा गादीवर होता, फळीवर त्याची जागा रिकामी होती आणि ते बसलेलेच होते. शाल हलत होती. थोड्या वेळानं दुसरीनं वरचाच माल मागितला. तेव्हा मला बघता आलं असतं. मी बघितलं नाही. बेतणीच्या टेबलाशी उभी राहायला लागल्यापासून समोरच्या गोष्टीकडे मी जाणूनबुजून पाठ फिरवली, असं याआधी एकदाच झालं आहे. ते पुढे लिहिते.

माझी पाळी आली. मी पिशवीतून गज काढला आणि पाच हात मलमल मागितली.

"गजानं मोजून द्या," मी म्हटलं.

"देतो की," भरमाप्पा म्हणाले. "पण मग भाव कॅम्पातला. गज सरकारचा, हात आपला. आपल्या माणसाला आपला भाव."

शेजारची बाई म्हणाली, "अगं, गज घेऊन बाजाराला येत्यात व्हय? मामलेदारीण हायस का काय? दे की हात. मोडून न्हाय खात ते."

बायका हसल्या. भरमाप्पाही हसले.

मला खात्री करून घ्यायची होती आणि दुसरा मार्ग नव्हता. मी उजवा हात पुढे केला. शालीतून त्यांची बोटं बाहेर आली, फक्त बोटं. कापड गार होतं. दर हाताला ते कोपराशी कापड टेकवायचे आणि टोकाशी माझं मधलं बोट चिमटीत धरायचे, हलकं, आपण कापडाचा ताणा बघतो तसं. पाच वेळा. दुखलं नाही. उलट बरं वाटलं. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "चांगला हात हाय. कात्रीचा. थोरल्या भनीच्याच वळणाचा."

मी नाव सांगितलं नव्हतं. कोणाची कोण हेही सांगितलं नव्हतं.

"दिवाळीला लई येळ उभ्या होत्या त्या," ते म्हणाले. "आता बसत्यात."

वर त्यांनी एक बोट जास्त मलमल दिली.

मी कट्ट्यावर परत आले आणि मोजलं. डावा हात सतरा इंच सहा सूत. उजवा सतरा इंच पाच सूत. तीनदा मोजलं. एका खेपेला एक सूत. तू बारा खेपा गेलीस, तुझे बारा सूत गेले. बारा सूत म्हणजे दीड इंच. अठरा हातांची चीट अर्धा वार कमी का भरली, तेही यातून सुटतं : ती घेतलीस तोवर आठ सूत, म्हणजे एक इंच गेला होता. कापड कमी नव्हतं. भरमाप्पांनी मापात लबाडी केली नाही. मी त्यांच्यावर घेतलेला आळ चुकीचा होता आणि तो मी मागे घेते. ते बरोबर मोजतात. एक सूत घेतात, तेही मोजूनच.

हे कसं होतं ते मला सांगता येत नाही. आकडे एवढंच सांगतात.

आता दिवाळीचं. मी आतल्या खोलीत होते हे खरं. पण बेतणीच्या टेबलासमोर काचेचं दार आहे आणि त्यातून सगळं दुकान दिसतं. तू आलीस तेव्हा मी तुला पाहिलं. तुझ्या लुगड्याला तंबाखूचा वास होता म्हणून विकणारा म्हणाला, "बाई, मालाला हात लावू नका, तिकडं उभ्या राहा." तू उभी राहिलीस. तुझ्या नंतर आलेल्या चारजणींना खुर्च्या मिळाल्या, त्या कापड घेऊन गेल्या, तरी तू उभीच होतीस. तू काचेकडे बघत होतीस. मी कात्री खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मॅनेजरसमोर मला तू माझी बहीण आहेस असं म्हणायचं नव्हतं. चाळीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात मी ती मोजली. तू गेल्यावर मी बाहेर आले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला ते तेव्हाच कळलं होतं, हे तुझ्या "बरं" वरून मला कळलं.

रविवारी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. अंबू दारात तांदूळ निवडत होती. तिचे दोन्ही हात चांगले लांब दिसले, पण एवढ्या अंतरावरून दोन सुतांचा फरक कोणालाच दिसणार नाही. तू आत खोकत होतीस. आत आले असते तर आधी दिवाळीचं बोलावं लागलं असतं. ते तोंडानं बोलायला मला जमलं नाही म्हणून परत फिरले. लिहायला जमतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिली नाही तर तू म्हणशील की ही कॅम्पातल्या दुकानाची बाजू घेते. मोटार सुटेपर्यंत दीड तास होता. त्या दीड तासात मी दोनदा उठून त्या दुकानाच्या रस्त्याला लागले. घ्यायचं काही नव्हतं. आपल्याला कोणी तरी बसवून घेतं, विचारपूस करतं, हात हातात धरतं, एवढ्यासाठी मी गेले असते आणि पुन्हा हात पुढे केला असता. एक सूत काही फार नाही, असं मला वाटत होतं. आज मंगळवार आहे आणि अजूनही तसंच वाटतं. माझ्यासारखीला, सगळं माहीत असताना, असं वाटतं. अंबूला काही माहीत नाही.

काल मी मॅनेजरला सांगितलं की दिवाळीला उभी ठेवलेली बाई माझी थोरली बहीण होती. तो म्हणाला, आधी सांगायचं. मी म्हटलं, बहीण नसती तरी खुर्ची द्यायला हवी होती. नोकरी राहील की नाही ते महिनाअखेर कळेल. लग्नाचं उरलेलं सगळं कापड मी इथून घेते, गजानं मोजून, माझ्या खर्चानं. तू येऊन पसंत कर. तुला खुर्ची मी स्वतः आणून देईन आणि शेजारी बसेन.

दाजींना हात दाखव. लपवू नकोस. मुकादमालाही खरं सांग.

अंबूला रविवारी पाठवू नकोस. माझ्यावरचा राग ठेव, तो बरोबर आहे. पण त्यापायी पोरीचा हात जाऊ नये. रवळूची बायको आधीच एखाद्या दिवशी तिला हळूच घेऊन गेली असेल तर तेही मला कळायला हवं. म्हणून तिचे दोन्ही हात तुझ्यासमोर मोज, तुझ्या डाव्या हातानं रेघ मार, आणि उजव्या-डाव्याचे दोन्ही आकडे लिही. ते सारखे असले तरी लिही, नसले तरी लिही. तुझं उत्तर शुक्रवार, ता. १० पर्यंत मला मिळावं.

जयवंता